इंजिन उघडायचं नाही

"अगं, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. मोरीत गेले की लवकर बाहेर येत नाहीत, आणि आले की पाठ टेकायच्या आत परत जातात." सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा सुनेच्या एका हातात थर्मामीटर होता, दुसऱ्या हातात तिची लेक ठमी होती, आणि ठमीच्या नाकातून वाहतंय ते पिवळं की हिरवं या जागतिक महत्त्वाच्या प्रश्नात ती बुडालेली होती. "वय झालं की होतंच हो आई," ती म्हणाली. "पाणी कमी प्यायला सांगा." झालं. इशारा आला, पाणी कमी प्यायला सांगून त्याची बोळवण झाली.

आता ही सून काही अडाणी नव्हती. जीवशास्त्राची पदवी होती, तीही चांगल्या मार्कांची. ठमीच्या खेळण्यांची चाकं ती ओढून बघायची, सुटून घशात जातात का म्हणून. दुधाची पिशवी आणली की आधी तारीख, मग पिशवी, मग परत तारीख. घरात नवरा तिला 'तपासणी नाका' म्हणायचा. पण या नाक्यावरून सासरे मात्र वर्षानुवर्षं बिनधास्त ये-जा करत होते. घरात जुनं लोखंडी कपाट असतं ना, तसे ते होते. त्यातल्या वस्तू सगळे काढतात, घालतात. कपाट बरं आहे का, हे कोण विचारतं?

सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, शेजारी म्हणत, सासूबाईसुद्धा माघारी मिस्त्रीच म्हणत. घराच्या मागच्या अंगाला त्यांचं गॅरेज होतं. तेलाने काळी पडलेली फरशी, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने आणि मधोमध एक खड्डा, ज्यात उतरून मिस्त्री गाड्यांची पोटं बघत. गाडी फाटकातून आत येईपर्यंत नुसत्या आवाजावरून रोग सांगायचे. "तुमच्या गाडीचं बेअरिंग गेलंय," असं ते म्हणाले की माणूस गाडी सोडून घरी जायचा, शंका काढायचा नाही.

पण त्यांची खरी कीर्ती वेगळ्याच कारणासाठी होती. धुराची सरकारी तपासणी जवळ आली की झाडून सगळ्या खटारा गाड्या मिस्त्रींच्या दारात. मिस्त्री टाकीत कसलीशी बाटली ओतायचे, दोन-चार नळ्या आवळायचे, काही ढिल्या करायचे, गाडी लांबवर पिटाळून तापवायचे आणि तशीच गरमागरम यंत्रापुढे उभी करायचे. यंत्र म्हणायचं, वा, काय स्वच्छ धूर! पंधरवड्यात तीच गाडी रस्त्याने काळी शेपटी ओढत फिरायची. "यंत्राला काय कळतं?" मिस्त्री म्हणायचे. "यंत्राला आकडा हवा असतो. आपण आकडा द्यायचा."

मिस्त्रींचं स्वतःचं प्रकरण उघडकीला आलं तेही गाडीमुळेच. लायसन्स नव्याने करायला डॉक्टरचा दाखला लागत होता. दाखला देणाऱ्याने वयाकडे बघितलं, लघवीचं विचारलं, मिस्त्री "ठीक आहे" म्हणाले, आणि मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "काही ठीक नाही." तिथून रक्त तपासलं गेलं. पीएसए नावाचा आकडा आला आठच्या वर. चारच्या आत असला तर बरा, असं तिथेच छापलेलं होतं.

मग मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई. त्या मिस्त्रींच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि त्यांनी हातमोजा चढवून, जी तपासणी बोटानेच होते ती तपासणी केली. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांखालून हात घालणाऱ्या मिस्त्रींना, आपल्याही गाडीत कोणी हात घालू शकतं, हा धक्का सहन झाला नाही. बाहेर आले ते लाल होऊन. नवरा म्हणाला, "काय झालं बाबा?" मिस्त्री म्हणाले, "गप बस."

डॉक्टरबाईंनी समजावलं. बोटाला काही लागलं नाही, पण आकडा जास्त आहे. हा कॅन्सरच असेल असं नाही. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, नुसती सुजली तरी आकडा चढतो. पण बघायला हवं. आधी एमआरआय, आणि त्यात काही दिसलं तर बायोप्सी, म्हणजे सुईने छोटे तुकडे काढून तपासायचे.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"काका, छोटीशी सुई असते."

"बाई, चालू इंजिन उघडायचं नसतं. एकदा उघडलं की ते पहिल्यासारखं राहत नाही. माझ्या उभ्या जन्माचा अनुभव आहे."

"इंजिन आवाज करतंय, काका."

"आवाज करतंय म्हणजे चालतंय."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला नाही, एवढंच. शेवटी तडजोड अशी ठरली की सहा महिन्यांनी रक्त परत तपासायचं. "मला हे पटलेलं नाही," त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "पण निदान तेवढं तरी चुकवू नका." सुनेने मान डोलावली. ठमीला तेव्हा दाढा येत होत्या.

मिस्त्री मात्र त्या दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतले नव्हते. बाहेर बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी सहज सांगितलं, की त्यांची ग्रंथी नुसती सुजलेली होती, डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, आणि गंमत म्हणजे आकडाही निम्म्यावर आला. मिस्त्रींनी कान टवकारले. गोळीचं नाव काय म्हणालात? गृहस्थांनी खिशातून पाकीटच काढून दाखवलं. दाखवणारा माणूस भला होता. भल्या माणसांनी जगाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं चोरांनाही जमलेलं नाही.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची गाडी मिस्त्रींकडेच धुराच्या तपासणीत पास व्हायची. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागतो?

सहा महिने गेले. रक्त दिलं. आकडा आला चारच्या जरासा वर. घरात जो जल्लोष झाला तो ठमीच्या बारशालाही झाला नव्हता. नवऱ्याने पेढे आणावेत तसे केक आणले. मिस्त्रींची बहीण, म्हणजे आत्याबाई, गेल्या खेपेला नाकाला पदर लावून "आमच्या मागच्या गल्लीतला असाच गेला हो" सांगून गेल्या होत्या. त्या आता "मी म्हटलंच होतं काही नाही" म्हणत केकचा दुसरा तुकडा घेत होत्या. मिस्त्री खुर्चीत असे रेलून बसले होते, जणू परीक्षेत नंबरात आलेत. डॉक्टरबाई एकट्याच खुळ्यासारख्या कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या म्हणे. "आपोआप निम्मा? काका, काही औषध घेता का?"

"चहा," मिस्त्री म्हणाले होते.

तरीही एमआरआय करून घ्या, त्या म्हणाल्या. मिस्त्री म्हणाले, पास झालेल्या पोराला परत कोणी परीक्षेला बसवतं का?

आणि हे सगळं असंच सुरळीत चाललं असतं, केक पचले असते, आत्याबाई आपल्या घरी गेल्या असत्या, पण ठमीला तेव्हा सोफ्याखाली सरपटण्याचा नाद लागला होता. एका सकाळी ती बाहेर आली ती मूठ आवळून. सुनेने तिला जागच्या जागी धरलं. बोटं एकेक करून उघडली. आत निळसर गोळीचं अर्धुक. ब्लेडने कापलेलं, सरळ रेषेत, मापात.

तिने आधी ठमीचं तोंड तपासलं, जिभेखाली, गालात, दातांच्या मागे. तोंड कोरडं, निळं कुठे काही नाही. मग ठमीला काखोटीला मारलं, अर्धी गोळी कागदात बांधली आणि चप्पल न बदलता औषधवाल्याकडे. "हे काय आहे? माझ्या पोरीने गिळलं असतं तर काय झालं असतं?"

औषधवाल्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "अहो वहिनी, घाबरू नका. ही तर मिस्त्रींची."

"मिस्त्रींची?"

"दर महिन्याला नेतात की. प्रोस्टेटची. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. मीच सांगितलं, एकदम घेतली तरी चालते, तर म्हणाले, नाही, तेल थोडं थोडं घालावं. तुम्हाला दिवस वगैरे गेले असतील तर मात्र तुटकी गोळी हाताळू नका."

"कधीपासून नेतात?"

त्याने सांगितलं. सुनेने तिथेच काउंटरला टेकून हिशेब केला. मोठ्या दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. मग तिने फोनवर गोळीचं नाव शोधलं. ठमी तिची वेणी ओढत होती, औषधवाला "पाणी देऊ का?" विचारत होता, आणि पडद्यावर साध्या अक्षरांत लिहिलेलं होतं की ही गोळी काही महिने घेतली की रक्तातला पीएसए सुमारे निम्मा होतो, म्हणून ती घेणाऱ्याचा आकडा डॉक्टर दुप्पट धरून वाचतात.

चारच्या जरासा वर. दुप्पट. म्हणजे आठच्या वर. म्हणजे काही उतरलंच नव्हतं. केक आठच्या वर कापला होता.

गॅरेजमध्ये मिस्त्री एका लाल गाडीखाली होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. सून पायांशी बोलली.

"बाबा, बाहेर या."

"नट हातात आहे."

"तुम्ही गोळ्या घेत होतात."

पाय थबकले. मग खालून आवाज आला, "कुठल्या?"

"निळ्या. ठमीच्या मुठीत होती."

हे ऐकल्यावर मिस्त्री फळीसकट सरकत बाहेर आले. तोंडावर तेलाचा पट्टा. "गिळली तर नाही ना तिने?"

"नाही. ती तुमच्यापेक्षा हुशार आहे."

मिस्त्रींनी हुश्श केलं आणि फडक्याने हात पुसायला लागले. एकेक बोट, सावकाश. "मग काय झालं? आकडा उतरला की नाही? पास झालो की नाही?"

"कोण पास झालं? गोळीने आकडा उतरतो. आतलं काही असेल तर ते तसंच राहतं."

"यंत्राला काय कळतं..."

"यंत्राला नाही कळत! म्हणून तर सांगतेय. बाबा, तुम्ही धुराचा आकडा उतरवता, तेव्हा धूर कमी होतो का?"

"होतो की. त्या दिवसापुरता."

"आणि मग?"

"मग काय, लोकांच्या नाकात जातो. आपल्या थोडाच जातो!"

"हा धूर तुमच्याच नाकात जाणार आहे."

मिस्त्री फळीवरून उठून उभे राहिले. गॅरेजमध्ये कुठेतरी नळीतून थेंब थेंब तेल पडत होतं.  सून रडायच्या बेतात होती. पण कडेवरच्या ठमीने तेवढ्यात आजोबांच्या तोंडावरचा तेलाचा पट्टा हाताने पुसून आपल्या तोंडाला लावला, त्यामुळे रडायचं राहून गेलं आणि साबण शोधावा लागला.

"त्या बाईला सांगावं लागेल का?" मिस्त्री हळूच म्हणाले.

"लागेल."

"ओरडेल."

"ओरडू द्या."

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ते त्याहून वाईट होतं. त्यांनी शांतपणे पेन खाली ठेवलं. "काका, ही गोळी वाईट नाही, मीच कितीतरी जणांना देते. पण घेताय हे मला सांगायला हवं होतं. मी चुकीच्या आकड्याकडे बघत बसले." मग एमआरआय झाला. एका कडेला सावली दिसली. मग ज्याला इंजिन उघडणं म्हणतात तेही झालं, आणि मिस्त्री त्यानंतर दुसऱ्याच दिवशी चालत गॅरेजमध्ये गेले. एवढंच की बसताना तोंड वाकडं करायचे. लघवीतून रक्त दिसलं तेव्हा घाबरले, पण ते सांगितलेलंच होतं.

निकाल आला: कॅन्सर. ग्लीसन सात.

इथे आत्याबाईंचा पुनःप्रवेश. "सातवी स्टेज!" त्या किंचाळल्या. "अगं बाई, लोकांची चौथीलाच संपते!" सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. नवरा, जो बँकेत काम करतो आणि आकड्यांशी ज्याची रोजची दोस्ती, तोही पांढराफटक. मिस्त्री तेवढे म्हणाले, "गाडीला पाचच गिअर असतात. सातवा कुठून आला?"

"सात ही स्टेज नव्हे," सून म्हणाली. पण तिचं ऐकतो कोण, ती तर मुलाच्या नाकातल्या शेंबडाचा रंग बघणारी. म्हणून सगळं लटांबर डॉक्टरबाईंसमोर बसलं.

"दोन वेगळ्या गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "एक, पेशी किती दांडगट आहेत. ते ग्लीसन सांगतो. सहा म्हणजे मवाळ, दहा म्हणजे जहाल. तुमचा मधला आहे, जरा दांडगटाकडे झुकलेला. दुसरी, तो कुठवर पोचलाय. ती स्टेज. त्या चारच. पहिल्या दोन म्हणजे ग्रंथीच्या आतच. तिसरी म्हणजे कवच फोडून बाहेर डोकावलाय. चौथी म्हणजे लिंफच्या गाठींत नाहीतर हाडांत गेलाय."

"म्हणजे गंज किती खातोय ते एक," मिस्त्री म्हणाले, "आणि पत्र्यात कुठवर गेलाय ते एक."

"अगदी."

"मग माझा गंज कुठवर गेलाय?"

"कडेला कवचाला लागल्यासारखा दिसतोय. हाडं बघायला हवीत."

हाडांचा फोटो होऊन निकाल येईपर्यंत घराने जे केलं ते सांगायला लाज वाटते. आत्याबाईंनी मिस्त्रींचे जुने फोटो चाळून एक चांगलासा बाजूला काढला. कशासाठी, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. शेजारी येऊन पाठीवर हात ठेवून जायचे, जणू पाठीला हात लावल्याने हाडांतलं काही कळेल. नवऱ्याने गॅरेजची किल्ली आपल्याकडे असावी का, असं एकदा विचारलं आणि सासूबाईंनी त्याला असं काही पाहिलं की तो गच्चीवर गेला. मिस्त्री मात्र रोज गाडीखाली. फक्त एकदा, सुनेच्या हातून चहा घेताना, ते म्हणाले, "तेव्हाच उघडलं असतं तर आत असताना सापडला असता का गं?"

सुनेला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "माहीत नाही बाबा. डॉक्टरबाई म्हणतात, कोणालाच सांगता येणार नाही."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे नापास झालो हे नक्की कळायचंही सुख नाही."

निकाल आला. हाडं स्वच्छ. गाठी स्वच्छ. पण कवचाबाहेर डोकावलेला, तिसरी स्टेज. डॉक्टरबाईंनी किरणांचा उपचार आणि सोबत हार्मोन दाबणारी इंजेक्शनं सांगितली. "उपचार नीट घेतले तर या टप्प्यावरची बरीच माणसं वर्षानुवर्षं जगतात, आणि कित्येक दुसऱ्याच कशाने जातात. हाडात गेला असता तर समूळ काढता आला नसता, फक्त रोखून धरावा लागला असता. आणि काका, आता पीएसए मोजू तेव्हा..."

"गोळी नाही," मिस्त्री म्हणाले. "फक्त चहा. खरंच."

किरणं सुरू झाली. इंजेक्शनांनी मिस्त्रींना अचानक घाम फुटायचा, भर गॅरेजमध्ये, आणि सासूबाई पंखा घेऊन धावायच्या. "आता कळलं पाळी जाताना मला काय होत होतं ते?" असं त्या विचारायच्या आणि मिस्त्री मान खाली घालायचे. आत्याबाईंनी तो फोटो गुपचूप जागेवर ठेवला. सगळं मार्गी लागतंय असं वाटत होतं.

आणि मग एके दिवशी वारा घालून घेताना मिस्त्री सुनेला म्हणाले, "सूनबाई, एक सांगायचं राहिलं."

"काय?"

"ती गोळी. मी तेव्हाच तिघांना सांगितली."

"कोणाला?"

"आपलेच. गॅरेजवाले. सगळ्यांनाच लायसन्स लागतं. टायरवाला, बॅटरीवाला, वेल्डिंगवाला. म्हटलं, आकडा चढला तर घाबरू नका, उपाय आहे. फुकट सल्ला दिला."

सुनेने डोक्याला हात लावला. मग ठमीला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि मिस्त्रींना घामासकट स्कूटरच्या मागे बसवलं. टायरवाला सापडला, गोळी त्याने आणलीच नव्हती, लाजला होता. बॅटरीवाला घेत होता. डॉक्टरबाईंचं नाव त्याच्या हातात कोंबलं आणि त्याच्या बायकोलाही सांगितलं, कारण नुसतं त्याला सांगून उपयोग नव्हता. पण वेल्डिंगवाल्याचं दुकान बंद. तो लेकीकडे राहायला गेला, कुठल्या गावी ते कोणाला माहीत नाही, फोन बंद. जाताना म्हणे सगळ्यांना सांगून गेला: मिस्त्रींच्या युक्तीने आकडा एकदम खाली आलाय, मी आता ठणठणीत आहे.

सून अजून शोधतेच आहे. सापडणार नाही असं नाही. पण वेल्डिंगवाला एकटाच आहे थोडाच! तेव्हा हे वाचून झालं की उठा. तुमच्या घरात, शेजारात, कामावर कोणी काका, कोणी आजोबा "माझा आकडा निम्म्यावर आला" म्हणून मिशीला पीळ देत असेल, तर आधी अभिनंदन करू नका. समोर बसा आणि विचारा, "तपासणीच्या आधी कुठली गोळी घेत होता का?" तो म्हणेल, चहा. ते खरं धरू नका. त्याच्या बायकोला विचारा, औषधवाल्याला विचारा, आणि त्याला धरून डॉक्टरकडे न्या. वेल्डिंगवाला दिसला तर त्यालाही न्या. लेकीकडे असतो, उजव्या भुवईवर ठिणगीचा डाग आहे.